निसर्गचित्रे आणि वन्यप्रदेशांचे संरक्षण : चौकटीतील आणि चौकटीबाहेरील निसर्ग

१ मार्च १८७२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली आणि यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाणारे क्षेत्र अस्तित्वात आले. वीस लाख एकरांहून अधिक भूमी विक्री, वसाहत आणि खासगी मालकी यांपासून कायमची अलग ठेवण्यात आली. या निर्णयातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. ज्या लोकप्रतिनिधींनी विधेयकाच्या बाजूने मत दिले, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही ती भूमी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. त्यांनी पाहिली होती ती जलरंगातील चित्रे आणि छायाचित्रे.

पर्यावरण संरक्षणाचा इतिहास सामान्यतः कायदे, चळवळी आणि शास्त्रीय अहवाल यांच्या अंगाने अभ्यासला जातो. या इतिहासात निसर्गचित्रणाच्या कलेचा वाटा किती होता, तिने काय साधले आणि तिच्या मर्यादांमुळे कोणते प्रश्न निर्माण झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निसर्गचित्रणाला आलेले महत्त्व

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाश्चात्त्य चित्रकलेत निसर्गाचे स्थान बहुधा पार्श्वभूमीचे होते. धार्मिक प्रसंग, पौराणिक कथा आणि राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे यांना वरचा दर्जा होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हे चित्र पालटले. नवस्वतंत्र राष्ट्राकडे युरोपप्रमाणे प्राचीन राजवाडे, चर्च वा भग्नावशेष नव्हते. होती ती अफाट अरण्ये, पर्वत आणि नद्या. राष्ट्रीय अभिमानाचे स्थान म्हणून निसर्गाकडे पाहण्याची वृत्ती त्यातून बळावली.

इंग्लंडमध्ये जन्मलेले थॉमस कोल (१८०१–१८४८) यांनी १८२५ पासून हडसन नदीच्या खोऱ्यातील डोंगर-अरण्यांची चित्रे रंगवण्यास प्रारंभ केला. त्यांच्या प्रभावातून जी परंपरा निर्माण झाली, ती 'हडसन रिव्हर स्कूल' या नावाने ओळखली जाते. १८३६ मध्ये कोल यांनी अमेरिकन निसर्गसौंदर्यावर निबंध लिहिला आणि कुऱ्हाडीमुळे हे सौंदर्य झपाट्याने नष्ट होत असल्याची खंत त्यात व्यक्त केली. त्याच वर्षी रंगवलेल्या 'द ऑक्सबो' या चित्रात एका बाजूस वादळी आकाशाखालील अरण्य आणि दुसऱ्या बाजूस आखीव शेते दिसतात.

याच काळातील आणखी एक चित्रकार म्हणजे जॉर्ज कॅटलिन. १८३२ मध्ये मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यातील प्रवासात त्यांनी मूळ रहिवाशांची आणि त्यांच्या प्रदेशाची चित्रे काढली. रानगव्यांचे कळप आणि त्यांच्यावर जगणारे लोक दोन्ही नष्ट होणार, हे ओळखून शासनाने एक राष्ट्रीय उद्यान राखावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. कॅटलिन यांच्या कल्पनेतील उद्यानात वन्यप्राण्यांबरोबर माणसेही होती. पुढे उद्याने झाली, परंतु त्यांतून माणसे वगळली गेली.

योसेमिटी : छायाचित्रांचा पुरावा

कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्याची वर्णने १८५० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर पोहोचत होती. पण प्रवाशांच्या अतिशयोक्तीवर विश्वास ठेवण्यास लोक तयार नव्हते. १८६१ मध्ये कार्लटन वॉटकिन्स हे छायाचित्रकार आपली अवजड सामग्री खेचरांवर लादून खोऱ्यात गेले. त्यांच्या कॅमेऱ्यात सुमारे १८ इंच रुंद आणि २२ इंच लांब काचेच्या पट्ट्या वापरल्या जात. त्या काळच्या पद्धतीनुसार ओल्या रसायनाचा लेप दिलेली काच तेथल्या तेथेच तंबूत धुवावी लागे. इतक्या परिश्रमाने तयार झालेली छायाचित्रे १८६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाली. पुढच्या वर्षी चित्रकार अल्बर्ट बिअरस्टॅट यांनीही योसेमिटीला भेट दिली आणि तेथील कड्यांची भव्य तैलचित्रे काढली.

१८६४ मध्ये कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी योसेमिटी खोरे आणि मॅरिपोसा येथील महावृक्षांची राई सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणारे विधेयक मांडले. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. देशात यादवी युद्ध चालू असताना राजधानीपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या एका दरीसाठी कायदा झाला. निसर्गसौंदर्य या कारणास्तव केंद्र शासनाने भूमी राखून ठेवण्याचा हा आरंभीचा आणि पुढील सर्व प्रयत्नांना आधारभूत ठरलेला दाखला होय.

यलोस्टोन : समज आणि वस्तुस्थिती

यलोस्टोनमधील उष्णोदकाची कारंजी, रंगीत झरे आणि पिवळ्या कड्यांची घळई यांविषयीच्या कथा अनेकांना भाकडकथा वाटत. १८७१ मध्ये भूवैज्ञानिक फर्डिनंड हेडन यांच्या नेतृत्वाखाली शासकीय सर्वेक्षण पथक तेथे गेले. पथकासोबत चित्रकार थॉमस मोरान (१८३७–१९२६) आणि छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन (१८४३–१९४२) होते. त्या काळचे छायाचित्र कृष्णधवल असल्याने आकार आणि प्रमाण यांची खात्री जॅक्सन यांच्या काचांनी दिली, तर रंगांची साक्ष मोरान यांच्या जलरंगचित्रांनी दिली. डिसेंबर १८७१ मध्ये विधेयक मांडले गेल्यानंतर ही सामग्री लोकप्रतिनिधींना दाखवण्यात आली.

याबाबत एक गैरसमज रूढ आहे. मोरान यांचे 'द ग्रँड कॅन्यन ऑफ द यलोस्टोन' हे सुमारे ७ फूट उंच आणि १२ फूट रुंद तैलचित्र पाहून कायदा झाला, असे अनेकदा लिहिले जाते. वास्तविक हे चित्र कायद्यानंतर पूर्ण झाले आणि १८७२ मध्येच अमेरिकी संसदेने ते १० हजार डॉलर्सना विकत घेतले. कायद्यापूर्वी प्रभावी ठरली ती लहान जलरंगचित्रे आणि छायाचित्रे. मोठ्या तैलचित्राने झालेल्या निर्णयाला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली.

केवळ चित्रांनी कायदा झाला, असे मानणेही अपुरे ठरेल. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला या प्रदेशातील पर्यटनात रस होता आणि मोरान यांच्या प्रवासखर्चाचा काही भाग या रेल्वेच्या अर्थपुरवठादाराने उचलला होता. दुसरे असे की, हा प्रदेश अतिशय उंच आणि थंड असून शेती वा खाणकामास निरुपयोगी आहे, हा युक्तिवाद संसदेत करण्यात आला. म्हणजे चित्रांनी इच्छा निर्माण केली, रेल्वेने पाठबळ दिले आणि जमिनीच्या आर्थिक निरुपयोगितेने विरोध कमी केला. तिन्ही बाबी एकत्र आल्या तेव्हा कायदा झाला.

याच्या उलट उदाहरण हेच हेची खोऱ्याचे आहे. हे खोरे योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत होते आणि बिअरस्टॅट यांनी त्याचीही चित्रे काढली होती. तथापि सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे होते. जॉन म्यूर यांच्या नेतृत्वाखालील विरोधाला न जुमानता १९१३ मध्ये तेथे धरण बांधण्यास मंजुरी देणारा कायदा झाला. भरलेला जलाशय किती रम्य दिसेल, हे दाखवणारी चित्रे धरणाच्या समर्थकांनीही वापरली. जेथे आर्थिक हितसंबंध प्रबळ असतात तेथे सौंदर्याचा पुरावा एकटा टिकत नाही, आणि चित्र दोन्ही पक्षांच्या हाती साधन होऊ शकते, हे या प्रकरणातून दिसून येते.

कायदा आणि प्रत्यक्ष संरक्षण

यलोस्टोनचा कायदा झाला, परंतु अंमलबजावणीसाठी आरंभी निधीची तरतूद नव्हती. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड यांना वेतनही नव्हते. शिकार आणि नासधूस चालूच राहिली. अखेर १८८६ मध्ये उद्यानाचा ताबा सैन्याकडे देण्यात आला. तरीही पकडलेल्या शिकाऱ्याला पुरेशी शिक्षा करण्याची तरतूद नव्हती. १८९४ मध्ये रानगव्यांच्या शिकारीचे एक प्रकरण गाजल्यानंतर स्वतंत्र कायद्याने ही उणीव दूर झाली. १९०२ पर्यंत उद्यानात जेमतेम दोन डझन रानगवे उरले होते. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. चित्र लोकमत घडवू शकते. ते रक्षक नेमू शकत नाही. मोरान यांच्या चित्रातील दरी सुरक्षित होती, त्याच काळात दरीभोवतालच्या माळावरील रानगवे मारले जात होते.

विसाव्या शतकातील कॅमेरा

विसाव्या शतकात ब्रशची जागा प्रामुख्याने कॅमेऱ्याने घेतली. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) यांनी १९३६ मध्ये सिएरा क्लबच्या वतीने आपली छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या भेटी घेतल्या. १९३८ मध्ये सिएरा नेवाडा पर्वतावरील त्यांचे छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते अंतर्गत विभागाचे मंत्री हॅरल्ड इकिस यांच्यामार्फत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

ग्लेन कॅन्यनच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. कोलोरॅडो नदीवरील धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले. एलियट पोर्टर यांचे या घळईवरील रंगीत छायाचित्रांचे पुस्तकही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ती घळई फारशी कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून ती वाचवता आली नाही, हाच त्या पुस्तकाचा आशय होता. पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेत वन्यप्रदेश संरक्षण कायदा झाला. आरंभी ९१ लाख एकर क्षेत्राला लागू झालेला हा कायदा आज ११ कोटी एकरांहून अधिक क्षेत्राला लागू आहे.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर पराभव आणि यश या दोन्हींचा अनुभव एका दशकात आला. लेक पेडर या सरोवराला १९५५ पासून राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा होता, तरीही १९७२ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी ते बुडवण्यात आले. ओलेगस त्रुखानास या छायाचित्रकारांनी पारदर्शिकांचे कार्यक्रम करून जनजागृती केली होती. बुडणाऱ्या नद्यांची छायाचित्रे घेण्याच्या प्रयत्नात १९७२ मध्ये गॉर्डन नदीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे शिष्य पीटर डोम्ब्रोव्हस्किस यांनी फ्रँकलिन नदीतील रॉक आयलंड बेंड या वळणाचे सकाळच्या धुक्यातील छायाचित्र घेतले. मार्च १९८३ च्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी ते वृत्तपत्रांत पूर्ण पान जाहिरातीच्या रूपाने छापण्यात आले. हे स्थळ नष्ट करू पाहणाऱ्या पक्षाला मत द्यायचे काय, असा प्रश्न त्यासोबत मतदारांना विचारण्यात आला होता.

निवडणुकीत धरणाला विरोध करणारा मजूर पक्ष विजयी झाला. टास्मानिया राज्याने केंद्राच्या अधिकाराला आव्हान दिले. १ जुलै १९८३ रोजी उच्च न्यायालयाने, म्हणजे ऑस्ट्रेलियातील सर्वोच्च न्यायपीठाने, ४ विरुद्ध ३ मतांनी केंद्राच्या बाजूने निकाल दिला. या प्रदेशाचा १९८२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झालेला असल्याने, आंतरराष्ट्रीय कराराचे पालन करण्याचा केंद्राचा अधिकार येथे निर्णायक ठरला. संघराज्यीय व्यवस्थेतील केंद्र-राज्य अधिकारांच्या अभ्यासातही हा निकाल महत्त्वाचा मानला जातो.

चौकटीबाहेर राहिलेली माणसे

या यशाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वॉटकिन्स योसेमिटीत पोहोचण्यापूर्वी दहा वर्षे, १८५१ मध्ये, मॅरिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी तेथील अवानीची लोकांना हुसकावून लावण्यासाठी खोऱ्यात शिरली होती. छायाचित्रांत दिसणारी मोकळी कुरणे आणि विरळ वृक्षराजी ही बऱ्याच अंशी या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नियंत्रित वणवे लावून राखलेली भूमी होती. प्रेक्षकांनी मात्र ती मनुष्यस्पर्शरहित निसर्ग मानली. पुढे आग पूर्णतः रोखण्याचे धोरण आले. कुरणांत झाडे दाटली आणि वनांत जळाऊ पालापाचोळा साचला. १९७० पासून योसेमिटीच्या व्यवस्थापनाने नियंत्रित जाळाचा अवलंब पुन्हा सुरू केला.

यलोस्टोनमध्येही मानवी वावराचा इतिहास ११ हजार वर्षांहून जुना आहे. डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे तुकुदिका शोशोनी लोक तेथे राहत होते. १८७२ च्या कायद्याने त्या भूमीवर वसणाऱ्याला अतिक्रमक ठरवले आणि त्याच दशकात या लोकांना तेथून हलवण्यात आले. आज उद्यान प्रशासन २७ मूळ जमातींचा या भूमीशी संबंध मान्य करते.

टास्मानियातील घटना याहून बोलकी आहे. फ्रँकलिनच्या काठावरील कुटिकिना गुहेत १९८१ मध्ये झालेल्या उत्खननात सुमारे २० हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे पुरावे सापडले. ज्या नदीचे चित्र निर्जन निसर्गाचे प्रतीक ठरले, तिच्या रक्षणाच्या बाजूने मानवी इतिहासाचाही आधार मिळाला. माणसांना वगळूनच भूमी मौल्यवान ठरते, हे गृहीतक येथे कोसळून पडते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये आणि विल्यम क्रोनन यांनी १९९५ मध्ये वन्यप्रदेशाच्या अमेरिकी कल्पनेची चिकित्सा केली. ही कल्पना भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात जशीच्या तशी लागू केल्यास तिचा भार गरीब वननिवासींवर पडतो, हा गुहा यांच्या मांडणीचा गाभा होता.

चौकटीबाहेर राहिलेला निसर्ग

चित्रकारांनी उंच कडे, धबधबे आणि हिमशिखरे निवडली. त्यामुळे आरंभीची उद्यानेही तशाच प्रदेशांत झाली. दलदल, गवताळ मैदान, खाडी यांना चित्रात मान नव्हता, म्हणून संरक्षणही उशिरा लाभले. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स हे पाणथळ क्षेत्र १९४७ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून खुले झाले. दृश्य भव्यतेपेक्षा जीवसृष्टीसाठी राखले गेलेले हे आरंभीचे मोठे उद्यान होय. उत्तर अमेरिकेतील उंच गवताच्या प्रेअरींचे पूर्वी सुमारे १७ कोटी एकर क्षेत्र होते. त्यातील ४ टक्क्यांहूनही कमी शिल्लक राहिले. कॅन्सस राज्यातील त्यांचे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र १९९६ मध्ये, म्हणजे यलोस्टोननंतर सव्वाशे वर्षांनी, निर्माण झाले.

भारतीय संदर्भ

भारतात निसर्गचित्रणाने वेगळी वाट घेतली. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांनी भारतभ्रमणानंतर १७९५ ते १८०८ या काळात १४४ मुद्राचित्रांची मालिका प्रसिद्ध केली. तिचा प्रेक्षक इंग्लंडमध्ये होता. त्यातून भूमी राखण्याची मागणी निर्माण झाली नाही. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांचा रोख निसर्गसौंदर्यावर नसून इमारती लाकडावर आणि महसुलावर होता.

आपल्याकडे लोकमत हलवले ते भूदृश्यापेक्षा प्राण्यांच्या चित्रांनी. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या कामाने प्रभावित होऊन जिम कॉर्बेट यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. १९३६ मध्ये भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान, आजचे कॉर्बेट उद्यान, 'हेली' या नावाने स्थापन झाले. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प हे पुढील टप्पे होत. केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या लढ्यात सुगतकुमारी आणि अन्य कवींनी हेच कार्य शब्दांनी केले. तेथील जलविद्युत प्रकल्प रद्द होऊन १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

चौकटीबाहेरील माणसांचा प्रश्न भारतातही उभा राहिला. वन्यजीव अधिनियमातील २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव क्षेत्रांची तरतूद केली. २००६ च्या अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्य करणे) अधिनियमाने वननिवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची कायदेशीर दखल घेतली.

चौकटीबाहेरील निसर्गाचा प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. दख्खनचे माळरान महसुली दृष्टीने दीर्घकाळ 'पडीक' गणले गेले. माळढोक, लांडगा, काळवीट यांचे ते घर आणि मेंढपाळांचे चराऊ कुरण आहे. परंतु दिनदर्शिकेवर छापण्याजोगे ते कोणाला वाटले नाही. सोलापूरजवळील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये स्थापन झाले, पण त्याबाहेरील माळरानावर नांगर, वृक्षलागवड आणि औद्योगिक वापर यांचा दाब कायम राहिला. याउलट साताऱ्याजवळील कास पठाराच्या फुलांच्या छायाचित्रांनी एवढी गर्दी खेचली, की दैनंदिन पर्यटकसंख्येवर मर्यादा घालावी लागली. दुर्लक्ष आणि अतिप्रसिद्धी या दोन्हींमुळे भूमीची हानी संभवते.

समारोप

निसर्गचित्राचे सामर्थ्य असे, की दूरच्या नागरिकाला आणि लोकप्रतिनिधीला ते न पाहिलेल्या भूमीचे उत्तरदायित्व स्वीकारायला लावते. त्याची मर्यादा अशी, की जे चौकटीत आले तेच राखण्याजोगे वाटते. म्हणून संरक्षणाचे धोरण ठरवताना चित्रात काय दिसते याबरोबरच चित्रातून काय गळाले आहे, हेही विचारावे लागते. त्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रीय सर्वेक्षण, स्थानिकांचे ज्ञान आणि त्यांचे हक्क यांतूनच मिळू शकते. कॅटलिन यांनी कल्पिलेले माणसांसह राखलेले उद्यान १८३२ मध्ये शक्य झाले नाही. समुदायाच्या सहभागावर आधारलेल्या आजच्या संवर्धन पद्धतींना ती कल्पना पुन्हा तपासून पाहावी लागत आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या निर्मितीत कलेचा, रेल्वेचा आणि जमिनीच्या आर्थिक मूल्याचा वाटा स्पष्ट करा.

२. टास्मानियातील फ्रँकलिन नदीच्या प्रकरणाचे पर्यावरणीय आणि संघराज्यीय महत्त्व विशद करा.

३. 'मनुष्यस्पर्शरहित वन्यप्रदेश' ही संकल्पना भारतीय परिस्थितीत कितपत लागू पडते? २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या संदर्भात चर्चा करा.